साठ कपकेक, तीन रंग आणि मे महिन्याचा उकाडा

१२ मे २०२४ रोजी माझी कपकेकची पहिली मोठी ऑर्डर पोचती झाली. साठ कपकेक, आणि प्रत्येकावर गुलाबी, पिवळ्या, आकाशी रंगाचं वळणावळणाचं क्रीम. मार्चमध्ये ही ऑर्डर घेतली तेव्हा माझ्याकडे खाद्यपदार्थ विकायची नोंदणी नव्हती आणि तीन रंगांचं क्रीम एका बॅगेतून काढायचा सरावही नव्हता. रंगांचे व्हिडिओ भरपूर मिळाले. पण पुण्याच्या उन्हाळ्यात ते क्रीम उभं कसं ठेवायचं आणि घरून विकायचं तर कागदपत्रं कोणती, हे कुठेच सलग मिळालं नाही. म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवते आहे.

आमच्या समोरच्या इमारतीतल्या काकूंनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विचारलं. नातीचा पहिला वाढदिवस होता, संध्याकाळी पाच वाजता, एका छोट्या हॉलमध्ये. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला मी केलेले साधे कपकेक त्यांनी खाल्ले होते. "तसेच कर, पण रंगीत कर. आणि बिनाअंड्याचे हं," असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की, हॉलवाले बाहेरचे पदार्थ आणू देतात, पण बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर लागेल. तोवर मी ओळखीपाळखीत केक करून दिले होते, पैसे कधी घेतले नव्हते. पैसे घेऊन खाद्यपदार्थ विकायचे तर ते घरच्या ओट्यावर केलेले असले तरी नोंदणी लागते.

आधी चौकशी केली तेव्हा एका एजंटने दोन हजार रुपये सांगितले. नीट वाचल्यावर कळलं की २०२४ च्या नियमाप्रमाणे ज्यांची वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत होती त्यांना परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती आणि तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर स्वतःलाच भरता येतो. १८ मार्चच्या दुपारी मी तो भरायला बसले. आधी राज्य निवडायचं, मग व्यवसायाचा प्रकार, मग पदार्थांचा गट. प्रकाराच्या यादीपाशी मी बराच वेळ अडले, कारण तिथे हॉटेलपासून दूध संकलनापर्यंत सगळं आहे. मी स्वतः पदार्थ बनवते म्हणून लहान उत्पादक निवडलं आणि गटात बेकरी. दिवसाला १०० किलोपर्यंतचं उत्पादन तेव्हा या नोंदणीत बसत होतं, माझं एखाद-दोन किलो. फोटो, ओळखपत्र, पत्ता असं एकेक चढवलं आणि १०० रुपये ऑनलाइन भरले.

इथे एक टीप. ओळखपत्रावरचा पत्ता आणि स्वयंपाकघराचा पत्ता एकच असेल तर काम सरळ होतं. माझ्या आधारवर अजून साताऱ्याचा, माहेरचा पत्ता आहे आणि घर सासऱ्यांच्या नावावर. त्यामुळे २६ मार्चला अर्जावर शंका काढून तो परत माझ्याकडे आला, जागेचा पुरावा जोडा म्हणून. सासऱ्यांच्या नावाचं वीजबिल आणि "माझ्या घरातल्या स्वयंपाकघरात सून हा व्यवसाय करते, माझी हरकत नाही" असं साध्या कागदावर त्यांचं संमतिपत्र, दोन्ही स्कॅन करून त्याच अर्जात जोडलं. नवा अर्ज भरायची किंवा पुन्हा पैसे भरायची गरज पडली नाही. अर्जाची स्थिती दर एक-दोन दिवसांनी स्वतः उघडून पाहत जा. मला शंकेचा निरोप ईमेलच्या भलत्याच कप्प्यात सापडला.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची होती, आणि तपासणी निघाली तर एकूण तीस दिवसांत निर्णय. माझ्याकडे तपासणीला कुणी आलं नाही. निवडणुकीचे दिवस होते, त्यात होळी आणि गुड फ्रायडेच्या सुट्ट्या, त्यामुळे मी धास्तावले होते. ५ एप्रिलला, पाडव्याच्या चार दिवस आधी, प्रमाणपत्र आलं. चौदा आकडी नंबर होता, २ ने सुरू होणारा. परवान्याचा नंबर १ ने सुरू होतो, नोंदणीचा २ ने. कुणी तुम्हाला "हा नंबर वेगळा दिसतो" म्हटलं तर घाबरू नका. त्याची प्रत मी स्वयंपाकघराच्या दाराला लावली. सोसायटीच्या सचिवांनाही त्याच दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं ते एवढंच की, जिन्यात गिऱ्हाइकांची गर्दी तर होणार नाही ना.

कागदांचं काम चालू असतानाच सामान आणलं. पुण्यात बेकिंगचं सामान म्हटलं की रविवार पेठेतली बोहरी आळी. तिथे गल्लीत शिरल्यावर काय घेऊ नि काय नको असं होतं, म्हणून यादी करून जा. तीन रंगांच्या वळणासाठी खरं तर एकच नोझल, म्हणजे क्रीमच्या बॅगेला लावायचं धातूचं टोक, पुरतं, वन-एम नावाचं मोठं, उघड्या चांदणीचं. मला ते ८० रुपयांना मिळालं. पानाफुलांची, गवताची, रशियन नोझलं दुकानदार दाखवत राहतो. ती नंतर घेता येतात. त्याखेरीज एकदाच वापरायच्या मोठ्या पायपिंग बॅगा (क्रीम भरून दाबायच्या), जेल रंगांच्या तीन बाटल्या, कपकेक ज्यात भाजतात त्या कागदी वाट्या म्हणजे लायनर आणि सहा कपकेकचे खाचांचे खोके घेतले. रंग जेलचेच घ्या. पातळ रंग गडद करायचा म्हणजे जास्त ओतावा लागतो आणि क्रीम सैल पडतं.

रंगांबद्दल थोडं सविस्तर, कारण काकूंनी मला पहिला प्रश्न हाच केला. "हे रंग पोटात गेले तर चालतात ना गं? टीव्हीवर ते बुढ्ढी के बालचं दाखवतायत." त्यांचं बरोबर होतं. फेब्रुवारीत तामिळनाडूने आणि मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत बुढ्ढी के बालवर कारवाई केली होती, रोडामाइन बी सापडलं म्हणून. तो कापड आणि कागद रंगवायचा रंग आहे, अन्नात त्याला परवानगीच नाही. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंग चालतात आणि बाटलीवर त्यांचे आकडे छापलेले असतात. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, पिवळा. ११० सनसेट यलो. १२२, १२४ आणि १२७ हे लाल-गुलाबीतले. १३२ आणि १३३ निळे, १४३ हिरवा. प्रमाणाची मर्यादा साधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅम. मी दुकानात उभी राहून प्रत्येक बाटली फिरवून आकडे वाचले. एका सुंदर राणी रंगाच्या सुट्या पुडीवर काहीच छापलेलं नव्हतं, ती परत ठेवली. काकूंना बाटल्यांचे फोटो पाठवले. पहिल्या वाढदिवसाला येणारी बहुतेक पोरं एवढीएवढीशी असतात, त्यामुळे हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. रंग जितका कमी, तितका मला बरा वाटतो, आणि सुदैवाने फिका रंगच जास्त देखणा दिसतो.

१३ एप्रिलच्या शनिवारी एका ताईंकडे दिवसभराचा वर्ग केला. फी १,५०० रुपये. त्यांनी सकाळभर रंगांना हात लावू दिला नाही. नुसतं पांढरं क्रीम आणि उपडी घातलेली स्टीलची वाटी. वाटीचा तळ कपकेकच्या माथ्याएवढा असतो, त्यावर वळण काढायचं, सुरीने खरवडून परत बॅगेत भरायचं, पुन्हा काढायचं. कडेने सुरुवात करून आत आणि वर जात शेंडा काढला की ते उंच वळण होतं. मधून सुरू करून बाहेर गेलं की चपटं गुलाब. नोझल सरळ उभं, पृष्ठभागापासून बोटभर वर. शेवटी आधी दाब थांबवायचा आणि मगच बॅग उचलायची, नाहीतर शेंड्याला शेपूट येतं.

घरी सरावाला मी डालडा आणि पिठीसाखर फेटून घेतली. खायची नव्हतीच, आणि ती उन्हाळ्यातही टिकते, परत परत वापरता येते. तरी माझं वळण कुठे जाड, कुठे बारीक येत होतं. सासूबाई भाजी निवडत बघत होत्या. शेवटी त्यांनी हात पुसून बॅग मागितली. "अगं, तू बोटांनी दाबतेयस. तळव्याने दाब. चकली पाडताना सोऱ्या कसा एका चालीने फिरतो? मधे दाब कमी केला की चकली तुटते." आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात वाटीवर असं काही वळण घातलं की मी बघत राहिले. त्यानंतर सराव आम्ही दोघींनी मिळून केला. ज्यांच्या घरात चकलीचा हात असलेलं कुणी आहे त्यांनी वर्गाआधी त्यांना विचारावं.

मग रंग. एका बॅगेत तीन रंग भरायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. बॅगेच्या आतून ब्रशने रंगाच्या रेघा ओढतात, तीन छोट्या बॅगा एका मोठीत घालतात. मला जमलेली आणि सगळ्यात स्वच्छ तऱ्हा क्लिंग फिल्मची, म्हणजे पदार्थ झाकायच्या पातळ प्लास्टिकची. ओट्यावर फिल्म पसरायची, तिच्यावर तीन रंगांचे तीन जाड पट्टे शेजारीशेजारी घालायचे, फिल्म गुंडाळून लांबट वळकटी करायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. एक टोक कापून ती वळकटी नोझल लावलेल्या बॅगेत सरकवायची. पहिला थोडा भाग वाटीवर काढून टाकायचा, तिन्ही रंग एकदम येऊ लागले की कपकेककडे वळायचं. क्रीम संपलं की फिल्म ओढून काढायची, बॅग जवळपास कोरी राहते आणि पुढची वळकटी तिच्यातच जाते.

रंग निवडताना ते एकटे कसे दिसतात यापेक्षा शेजारच्या रंगात मिसळल्यावर काय होतं ते आधी बघा. गोल वळकटीत तिन्ही रंग एकमेकांना टेकतात आणि टेकतात तिथे मिसळतात. गुलाबी-पिवळ्याचा नारिंगी होतो, पिवळ्या-आकाशीचा हिरवा, आकाशी-गुलाबीचा जांभळा. म्हणजे तीन रंग भरून सहा दिसतात. काकूंना आधी लाल, हिरवा, जांभळा हवा होता. त्यांच्यासमोर लाल आणि हिरवा बशीत एकत्र करून दाखवला, मातकट झाला, आणि त्या लगेच या तिघांवर आल्या. आणखी एक गोष्ट. तिन्ही रंगांचं क्रीम सारखंच घट्ट हवं. एक सैल असलं की तेच आधी बाहेर पळतं आणि दुसरा रंग मागे राहतो.

बटरक्रीम (बटर आणि पिठीसाखर फेटून केलेलं) की व्हिपिंग क्रीम, यावर मी पूर्ण एप्रिल घालवला. बटरक्रीमवर रंग गडद चढतात आणि चव मला तीच आवडते. पण आपलं पिवळं बटर असलं की आकाशी रंग हिरवट होतो. बिनमिठाचं पांढरं बटर खूप वेळ फेटलं तर पुष्कळ फिकं होतं, जांभळ्या जेलचा काडीच्या टोकाएवढा ठिपका घातला की उरलेला पिवळेपणाही झाकला जातो. हे सगळं जमतं. पण बटर तिशीच्या आतच मऊ पडायला लागतं आणि ३२ ते ३५ अंशांना वितळतं. एप्रिलअखेर पुण्यात पारा चाळिशीपार होता. संध्याकाळच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, तास-दीड तास उभं राहायचं तर बटरक्रीम माझ्या मते मे महिन्यात नकोच. वनस्पती तेलापासूनचं व्हिपिंग क्रीम घेतलं. ते दुधाचं नसतं, हे गिऱ्हाइकाला सांगावं. मी काकूंना सांगितलं. ते आधीच गोड असतं, वर साखर लागत नाही.

२७ एप्रिलला सहा कपकेकचा नमुना दिला. काकूंना गोडी आवडली, रंग "अजून एक चिमूट चढव" म्हणाल्या. मी थांबायला सांगितलं. जेल रंग क्रीममध्ये मुरतो, दोन-तीन तासांनी एक छटा गडद दिसतो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, की आता बरोबर दिसतंय. हवा त्यापेक्षा फिका ठेवून थांबणं, हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

क्रीमचं गणित असं. वन-एमचं एक वळण साधारण ४० ग्रॅम घेतं. साठांना २ किलो ४०० ग्रॅम. मी एकेक किलोचे तीन डबे घेतले, सुमारे २६० रुपयांना एक. ते गोठलेले मिळतात आणि फ्रीजरमध्येच ठेवायचे असतात, म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून सकाळीच घेऊन आले. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा खरेदी मुद्दाम शुक्रवारवर ठेवली होती. पण शुक्रवारी, १० मेला, अक्षय्य तृतीया. फ्रीज आमरसाच्या पातेल्याने आणि आंब्यांनी भरलेला. शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांनी त्यांच्या फ्रीजचे दोन कप्पे रिकामे करून दिले आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तिथे कुणाला हात लावू दिला नाही. साठ कपकेक म्हणजे दहा खोकी. घरच्या एका फ्रीजमध्ये ती मावत नाहीत. ऑर्डर घेण्याआधी टेप घेऊन कप्पा मोजा.

शुक्रवारी रात्री क्रीमचे डबे फ्रीजरमधून खाली, फ्रीजमध्ये ठेवले. शनिवारी सकाळी कपकेक भाजले. दही, सोडा आणि थोडं व्हिनेगर घातलेलं बिनाअंड्याचं मिश्रण, लायनर दोन तृतीयांश भरलेले, १७० अंशांवर वीसेक मिनिटं. माझ्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, एका वेळी बारा राहतात, म्हणून पाच घाणे. क्रीम घालायचं तर माथा सपाट हवा. तापमान जास्त ठेवलं की मधे डोंगर येतो आणि तडा जातो. पूर्ण गार होईपर्यंत जाळीवरच ठेवले. कोमट असताना डब्यात भरले तर वाफेने लायनर सुटतात. शनिवारी संध्याकाळी निवडणुकीचा प्रचार संपला, रस्त्यावरचे भोंगे बंद झाले आणि घरही शांत झालं.

क्रीमचं सगळं काम रविवारी पहाटे पाचला सुरू केलं, कारण दिवसातली तीच वेळ थोडी गार. क्रीम ओतता येईल असं पण चांगलं थंड, सात ते दहा अंशांच्या आसपास हवं, आत बर्फाचे खडे नकोत. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती रात्रीपासून फ्रीजरमध्ये होती. एका वेळी ८०० ग्रॅमच फेटलं, बाकीचं फ्रीजमध्ये. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वर्गात कळलं आणि ज्याने माझं काम वाचलं. क्रीम पूर्ण घट्ट होईपर्यंत फेटायचं नाही. पाती उचलल्यावर टोक किंचित वाकतं, तिथे थांबायचं. कारण पुढे तीन वाट्यांत रंग मिसळताना ते आणखी घट्ट होतं, वळकटीत भरताना आणखी, आणि बॅगेतून दाबून निघताना आणखी. आधीच कडक केलेलं क्रीम नोझलमधून रवाळ, फाटक्या कडांचं निघतं.

एका वळकटीत साधारण आठ कपकेक झाले. त्याहून जास्त भरू नका, हाताच्या उष्णतेने शेवटचे दोन-तीन मऊ पडतात. मी दोन बॅगा आलटूनपालटून घेतल्या, एक हातात, एक फ्रीजमध्ये. मधूनमधून बर्फाच्या पाण्यात हात बुडवून पुसून घेत होते. सासूबाई खोकी भरत होत्या, भरलेलं खोकं तसंच वहिनींकडे जात होतं. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर क्रीमवर साय धरल्यासारखी होते. साडेआठला शेवटचं खोकं मिटलं तेव्हा पाठ भरून आली होती आणि मला अगदी शांत वाटत होतं.

खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच छापल्या होत्या. पदार्थाचं नाव, घटक, गव्हाचं पीठ आणि दूध असल्याची सूचना, "परवानगी असलेले कृत्रिम खाद्यरंग वापरले आहेत" ही ओळ, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. अंडं वापरलं असतं तर आपल्या नियमात तो पदार्थ मांसाहारी ठरतो आणि तपकिरी त्रिकोण लावावा लागतो, हे बऱ्याच घरगुती बेकरांना माहीत नसतं. बिलावरही नोंदणी क्रमांक लिहिला. हॉलच्या व्यवस्थापकांनी बिल पाहिलं, फोटो काढून घेतला, एवढंच.

सवाचारला गाडीत एसी लावून, खोकी मागच्या सीटवर न ठेवता खाली सपाट तळावर ठेवून पोचवली. सीट उतरती असते, कपकेक एका बाजूला कलतात. काकूंना सांगितलं की, केक कापायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, त्याआधी हॉलच्या फ्रीजमध्येच राहू द्या. रात्री त्यांनी फोटो पाठवले. वळणं उभी होती, आणि बाळाच्या नाकाला आकाशी रंग लागला होता.

पैशांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. एक कपकेक ५५ रुपये, साठांचे ३,३०० आले. क्रीम ७८०, कपकेकचं साहित्य सुमारे ६००, खोकी २२०, लायनर, बॅगा आणि रंगांचा वाटा १००, बर्फ आणि पेट्रोल १००. उरले १,५००, म्हणजे वर्गाची फी निघाली. नोझल आणि उरलेल्या सामानाचे पैसे पुढच्या ऑर्डरींतून. श्रम धरले तर ५५ हा भाव कमीच आहे. आता मी तीन रंगांच्या वळणाला ६५ सांगते आणि मे महिन्यात चाळीसच्या वर ऑर्डर घेत नाही.

उरलेलं न फेटलेलं क्रीम मी परत गोठवलं नाही, पुन्हा वितळल्यावर ते फुटायची भीती असते. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं आणि दोन दिवसांत वहिनींच्या मुलांसाठी फ्रूटक्रीम करून संपवलं. नोंदणीच्या मुदतीची तारीख तेव्हा कॅलेंडरवर लिहून ठेवली. २०२४ च्या नियमाप्रमाणे नूतनीकरण त्याच संकेतस्थळावर, मुदत संपायच्या आधी करायचं होतं. आधारवरचा पत्ता तेवढा आता बदलून घेते आहे.